किल्ली कोणाच्या हाती?

सुरगाण्यातील तरुणांसाठी 'को-वर्किंग' केंद्र काढण्याची एक योजना गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे अभिप्रायासाठी आली. योजना शहरातील एका संस्थेची. तिच्या हेतूविषयी मला शंका नाही. टेबले, खुर्च्या, वीज, इंटरनेट, छपाईचे यंत्र यांचा हिशेब तिने नीट मांडला होता. मात्र अखेरीस एक वाक्य होते : या केंद्रातून सुरगाण्यात सर्जनशील समुदाय निर्माण होईल. माझे भांडण या एका वाक्याशी आहे. 'निर्माण होईल' असे म्हणणाऱ्याने आज तेथे असा समुदाय नाही हे आधीच गृहीत धरलेले असते. आदिवासींच्या बाबतीत हे गृहीत धरणे इतके अंगवळणी पडले आहे की, ते लिहिताना कोणाचा हात अडखळतही नाही.

ही कल्पना मुळात कोठून आली ते पाहू. २००५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात ब्रॅड न्यूबर्ग या संगणक-तज्ज्ञ तरुणाने स्त्रियांच्या एका सामूहिक घरात आठवड्यातून दोन दिवस जागा घेतली आणि एकट्याने काम करणाऱ्यांना एकत्र बसायला बोलावले. नोकरीतील बंधन नको आणि घरातील एकटेपणाही नको, एवढीच त्यामागची साधी माणुसकीची गरज होती. पुढे भांडवलाने ती गरज हेरली. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या वीवर्क या कंपनीने टेबलांबरोबर 'समुदाय' हा शब्दही भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१९ च्या आरंभी तिची किंमत ४७ अब्ज डॉलर लावली गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. भाडे थकले की समुदाय संपतो, असा तो समुदाय होता.

तरीही एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. शहरात घर भाड्याने घेताना आपल्याला आडनाव विचारतात. टेबल भाड्याने घेताना सहसा विचारत नाहीत. आपल्या मुलांना ही सवलत लहान वाटत नाही. पण ती पैसे भरणाऱ्यालाच मिळते. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याच्या आडनावापर्यंत गोष्ट जातच नाही.

आता सुरगाण्याकडे येतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातच्या डांगला लागून असलेला हा तालुका. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील शंभरातील नव्वदहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची. कोकणा, वारली, महादेव कोळी. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. भात-नागली निघाली की घरेच्या घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, ती रस्ता, पाणी, दवाखाना यांसाठी. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात याच डोंगरातली माणसे हजारोंनी होती. इतकी माणसे एका शिस्तीत इतके अंतर चालतात त्यांना एकत्र येणे शिकवायला निघणे हा विनोद आहे.

आणि सर्जन? होळीनंतरच्या दिवसांत येथे बोहाडा होतो. गाव लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे काढते, रंगवते, कोणते सोंग कोणी घ्यायचे ते ठरवते, आणि संबळ-सनईच्या तालावर रात्रभर ती सोंगे नाचतात. थाळीवर मेणाने काडी उभी करून, ती बोटांनी ओढत कणसरीची, म्हणजे धान्यमातेची, कथा गाणारा कथेकरी येथे अजून भेटतो. या कामाला एक जागा लागते, वेळ लागतो, अनेकांचे हात लागतात. याला कोणी 'को-वर्किंग' म्हणत नाही, कारण याची पावती फाटत नाही.

परंतु मी बोहाड्याची आरती ओवाळायला बसलेलो नाही. त्यातही पुराणातला राक्षस दरवर्षी मारला जातो, आणि तो राक्षस कोण हा फुल्यांनी शिकवलेला प्रश्न मला तेथेही छळतो. मुखवटा बहुधा पुरुषच चढवतात; बाईचे सोंगही पुरुषच घेतो. सामूहिक म्हटले की समतेचे, असे नसते. म्हणून जुने जपा एवढे सांगून माझे काम संपत नाही.

आपली परंपरा या बाबतीत काय सांगते? १९३० नंतरच्या दशकात याच नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. वस्तीतला मोकळा चौक हीच त्याची जागा. १९५० साली औरंगाबादेत बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढले आणि नागसेनवनात पहिल्या पिढीची मुले एकत्र राहू-वाचू लागली. त्याच शहरात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि लेखक-वाचक मेळावे भरवले. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली त्या काळात वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हा तरुण कवी-कार्यकर्त्यांचा अड्डा होता. या जागांना सजावट नव्हती. पण तेथे येणारा गिऱ्हाईक नव्हता. त्याला बोलण्याचा, भांडण्याचा, आणि जागा कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क होता. जागेने माणसे जोडली हे खरे. परंतु एक प्रश्न त्यांना आधीच जोडून होता, म्हणून जागा कामी आली.

हे अभिमानाने सांगताना आपलाही हिशेब द्यावा लागतो. आपल्या व्यासपीठांवर आदिवासी कितीदा होता आणि सतरंजीवर कितीदा? वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत हाच प्रश्न उभा केला, तो केवळ सवर्णांना उद्देशून आहे असे समजून आपण टाळ्या वाजवल्या. १९७९ साली भद्रावतीला आदिवासींना आपले वेगळे साहित्य संमेलन भरवावे लागले, यात आपल्यालाही काही सांगणे होते.

माझाच गुन्हा सांगतो. मी दलित वस्तीत वाढलेला, आणि या तालुक्यातील एका शाळेत अकरा वर्षे शिक्षक होतो. वरच्या वर्गातील काही मुलामुलींनी हस्तलिखित काढायचे ठरवले. संध्याकाळी बसायला वर्गाची खोली मागितली. किल्ली माझ्याकडे होती. मी खोली दिली, पण पाच वाजेपर्यंत. आणि मजकूर आधी मला दाखवायचा या अटीवर. एका मुलीने आईच्या द्राक्षबागेतील मजुरीवर कोकणा बोलीत लिहिले होते. मी ते 'शुद्ध' करून दिले. तिने वाचले, वही मिटली आणि म्हणाली, "गुरुजी, हे आता तुमचं झालं." हस्तलिखिताचा दुसरा अंक निघाला नाही. ज्या व्यवस्थेने माझ्या आजोबांच्या बोलीला हसून त्यांना गप्प केले, तिचेच काम मी लाल शाईने केले होते. खोली होती, टेबले होती, दिवाही होता. फक्त किल्ली माझ्या खिशात होती.

म्हणून त्या योजनेला मी नकार कळवलेला नाही. खोली हवीच. डोंगरातल्या मुलांनी झाडावर चढून मोबाईलची रेंज शोधावी आणि आपण शहरात बसून त्यांच्या साधेपणाचे कौतुक करावे, ही चैन मला मान्य नाही. वीज हवी, इंटरनेट हवे, पुस्तके हवीत. मी फक्त अटी कळवल्या आहेत. खोलीची किल्ली गावातल्या मुलामुलींच्या मंडळाकडे राहील, आणि त्यात निम्म्या मुली असतील. वेळ त्या ठरवतील, कारण अंधार पडल्यावर घरी कसे परतायचे हा प्रश्न त्यांचा आहे. भाडे नसेल. गाव मजुरीला गेल्यावर खोली रिकामी राहिली तर तो 'कमी प्रतिसाद' म्हणून अहवालात लिहिला जाणार नाही. तेथे लिहिलेले कोणी शुद्ध करणार नाही. आणि तेथे जे घडेल त्यावर संस्थेचे नाव लागणार नाही, ज्यांनी घडवले त्यांचे लागेल.

संस्थेचे उत्तर आले. बाकी सर्व अटींवर विचार होऊ शकतो, किल्लीबाबत मात्र 'जबाबदारीचा प्रश्न' आहे, असे त्यात म्हटले आहे. हा शब्द मला नवा नाही. चवदार तळ्यापासून काळाराम मंदिरापर्यंत प्रत्येक कुलुपावर तो कोरलेला होता. मी तेच पत्र सुरगाण्यातील मुलांकडे पाठवले आहे. यापुढचे उत्तर त्यांनी लिहायचे आहे, आणि ते मी तपासणार नाही.