तीन गतींचा हब : चोख हिशेब, एक रिकामी जागा

सायकलचा गिअर म्हटले की एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकणारी साखळी डोळ्यांसमोर येते. हबच्या पोटातला गिअर मात्र दिसत नाही. त्यामुळे त्याच्या गुणांची आणि दोषांचीही चर्चा कमीच होते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा 'एडब्ल्यू' हब १९३० च्या दशकात आला आणि अनेक दशके जवळजवळ तसाच बनत राहिला. तो या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

त्यात आसावर पक्के बसवलेले २० दात्यांचे सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी २० दात्यांची ४ ग्रहचक्रे आणि बाहेर आतून ६० दाते असलेले कडे असते. ग्रहचक्रे एका पिंजऱ्यात बसवलेली असतात. पिंजरा एक फेरा फिरला तर कडे किती फिरेल? विद्यार्थी ६० ला २० ने भागून मोकळे होतात. पण पिंजऱ्यावर बसून पाहा. सूर्यचक्र एक फेरा उलटे फिरताना दिसेल आणि कडे २०/६०, म्हणजे १/३ फेरा सुलटे. त्यात पिंजऱ्याचा स्वतःचा एक फेरा मिळवा, उत्तर ४/३. पिंजरा फिरवून कड्याने चाक ओढले तर वेग १३३ टक्के, उलट केले तर ७५ टक्के आणि कड्याकडून थेट चाकाकडे गेले तर १०० टक्के. एकाच चक्रसंचातून तीन गती मिळतात. ही काटकसर खरोखर कौतुकास्पद आहे.

परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या गतीच्या मध्ये अशी एक जागा आहे, जिथे आतला सरकता क्लच कड्यालाही धरत नाही आणि पिंजऱ्यालाही नाही. तार नीट जुळवलेली नसेल आणि स्वार उभा राहून जोर देत असेल, तर पॅडल एकदम मोकळे फिरते आणि तो पडू शकतो. शिवाय तार तुटली की हब सर्वांत जड गतीत जातो. चढावर नेमकी नको असलेली गती!

तार योग्य जुळवली तर हे घडत नाही, असा बचाव केला जातो. तो खरा आहे, पण पुरेसा नाही. सायकल शाळकरी मुलेही चालवतात. ज्या यंत्राची सुरक्षितता वापरणाऱ्याच्या दक्षतेवर टांगलेली असते, त्याची रचना अपुरीच म्हणावी लागेल. पुढे ही रिकामी जागा नसलेले तीन गतींचे हब निघाले. म्हणजे दोष अटळ नव्हता. वर्गात हा हब शिकवताना ४/३ चा हिशेब जरूर करून घ्यावा. पण 'चुकीचा वापर झाला तर काय होईल?' हा प्रश्नही त्याच फळ्यावर लिहावा.