‘अचूक’ प्रवाहमापन : एका विशेषणाची चिकित्सा

ध्वनिलहरींच्या साहाय्याने सागरी प्रवाह मोजणाऱ्या यंत्रांविषयी मराठीत लिहिताना ‘अचूक’ हे विशेषण पुष्कळदा सरसकट योजले जाते. त्यामुळे दोन भिन्न गुणांची गल्लत होते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात अशी यंत्रे नांगरून दीर्घकाळ नोंदी घेतल्या आहेत. यंत्राने सोडलेला ध्वनी पाण्यातील कण व सूक्ष्म जीव परतवितात. त्याच्या बदललेल्या कंप्रतेवरून वेग काढतात. अनेक स्पंदांची सरासरी घेतली की आकड्यांतील विखुरलेपणा ओसरतो. परंतु होकायंत्र ५ अंशांनी चुकले असेल, तर किनाऱ्यास समांतर अशा सेकंदास ५० सेंटिमीटर वेगाच्या प्रवाहातून सुमारे ४.४ सेंटिमीटरचा आडवा प्रवाह आभासाने निर्माण होतो, आणि कितीही सरासरी घेतली तरी तो तसाच राहतो. असे मापन काटेकोर खरे, अचूक नव्हे. ‘चुकणे’ या क्रियापदात नेम हुकण्याचा अर्थ आहे, आणि तो येथे सोडण्याचे काहीच कारण नाही. माणदेशातील विद्यार्थ्याला माणगंगेचे बराच काळ कोरडे राहणारे पात्र परिचयाचे. समुद्रप्रवाह त्याला शब्दांतूनच कळावयाचे. ‘यंत्र अचूक आहे’ एवढेच वाचून तो त्या ४.४ सेंटिमीटरांना खरे पाणी समजेल.