‘निरंक’ : एका शब्दाची समीक्षा

शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा, हा नियम खरा. परंतु कांहीं शब्दांचा अर्थ कचेरींतील दप्तर उघडल्यावांचून कळत नाहीं. ‘निरंक’ हा त्यांपैकीं एक. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणें महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिति दरवर्षीं अहवाल देते. तक्रारींच्या रकान्यांत ‘निरंक’ पडलें, कीं संस्थेची अब्रू राहिली, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें हें वाचनच सदोष आहे.

मौनाचा सोयीस्कर अर्थ लावण्याची खोड जुनी आहे. १९७२ सालीं देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत घडलेल्या मथुरा प्रकरणांत, अंगावर जखमा नाहींत म्हणून संमति असली पाहिजे, असें मानून सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं दोघां पोलिसांस निर्दोष ठरविलें. पुढील वर्षीं वसुधा धागमवार आदि चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहून, शरण जाणें म्हणजे संमति देणें नव्हे, हा भेद दाखविला. त्यांतून उठलेल्या चळवळीनंतर १९८३ सालीं कायदा बदलला.

बारामती-इंदापूरकडील महाविद्यालयांनींहि हा भेद ध्यानीं घ्यावा. भिगवण, बावडा, निमगांव केतकी अशा गांवांहून एस्. टी. नें येणाऱ्या मुलीस छळाइतकेंच भय असतें तें ‘उद्यांपासून कॉलेज बंद’ या घरच्या वाक्याचें. तिचें मौन सुखाचें लक्षण कसें मानावें? बारामतींत २०२४ सालीं पोलिसांच्या ‘शक्ति’ अभियानांत तक्रारपेट्या बसल्या, हें चांगलें झालें. तथापि निनांवी चिठ्ठी ही केवळ सूचना होय. समितीस लेखी तक्रार लागते, व ती तीन महिन्यांच्या आंत, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांत, द्यावी लागते.

परंतु ती लिहितां येत नसेल, तर लिहिण्यास साह्य करणें हें समितीचें कर्तव्य आहे. नांव गुप्त राखणें बंधनकारक आहे. तडजोड तिनें मागितली तरच, आणि पैशांवर कदापि नाहीं. आरोप सिद्ध झाला नाहीं एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाहीं. गुन्हा घडला असल्यास पोलिसांचा मार्ग निराळा व खुला आहे. घटना कोठेंहि घडो, कोणत्याहि ठाण्यानें फिर्याद नोंदविलीच पाहिजे. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत मिळाले पाहिजेत. अकरावी-बारावीची मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें ऐकणाऱ्यास पोलिसांस कळविणें भाग आहे. म्हणून शिक्षकानें ‘कोणास सांगणार नाहीं’ असें वचन आधींच देऊं नये.

हें सारें सूचनाफलकावर असतें, पण ‘विहित मुदत’, ‘प्रतिवादी’ अशा भाषेंत. त्याऐवजीं कोणत्या बाईंस, कोणत्या खोलींत, केव्हां भेटावें, व पुढें काय होईल, एवढें घरगुती मराठींत लिहावें.

अहवालाच्या त्याच नमुन्यांत आणखी एक रकाना आहे : जाणीव-जागृतीच्या कार्यशाळा किती झाल्या? दोन्ही रकाने एकत्र वाचावेत. तेथेंहि ‘निरंक’ असेल, तर पहिल्या ‘निरंक’चा अर्थ एवढाच, कीं मुलींना कोणीं विचारलेंच नाहीं.