रानपिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके

शिवडीच्या जेट्टीवर काढलेले रोहित पक्ष्यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. गुलाबी पंख, शांत पाणी, मागे मऊ करडा पडदा. आता लालबागहून शिवडीला जा आणि त्याच जेट्टीवर स्वतः उभे राहा. समोर तेलाच्या टाक्या आहेत, चिमण्या आहेत, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू आहे, भरतीबरोबर आलेलं प्लास्टिक आहे. फोटोत यातलं काही नसतं. काही क्रॉपमध्ये जातं, काही लेन्स धूसर करते, उरलेलं एडिटिंगमध्ये पुसलं जातं.

बरं, मग बिघडलं काय? रोहित हजारोंनी येतात. एखादा फोटो गुळगुळीत झाला म्हणून त्यांच्याबद्दलची आपली माहिती बदलत नाही. पण पक्षी जेवढा दुर्मिळ, तेवढा त्याचा प्रत्येक फोटो ही एक नोंद असते. तिथे हीच एडिटिंगची सवय महागात पडू शकते. कशी, ते रानपिंगळ्याच्या उदाहरणाने सांगतो.

रानपिंगळा हे छोटं घुबड फक्त मध्य भारतातल्या आणि आसपासच्या पानगळीच्या जंगलात सापडतं. त्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केलं. हो, तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये गिरगावपासून जवळच, गोवालिया टँकच्या तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. आता अडचण अशी, की रानपिंगळ्याचा एक भाऊबंद सगळीकडे दिसतो: आपला नेहमीचा पिंगळा. दोघांत फरक काय? नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, असलेच तर अगदी पुसट ठिपके. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर ठळक पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले.

म्हणजे ओळख टिकली आहे ती पुसट ठिपक्यांवर आणि तपकिरी रंगाच्या छटेवर. आणि एडिटिंगमध्ये आपण सर्वात आधी हात घालतो तो नेमका इथेच.

पहाटेच्या कमी उजेडात फोटो काढला की त्यात दाणे येतात. ते घालवणाऱ्या सॉफ्टवेअरला दाणा कुठला आणि पुसट ठिपका कुठला, हे खात्रीने कळत नाही. ते दोन्ही सारवून टाकू शकतं. नवीन एआयवाली साधनं त्यापुढे जातात. हजारो फोटोंवरून शिकलेल्या अंदाजाने ती पिसांचा पोत नव्याने भरतात. शिकवणीत नेहमीचे पक्षी जास्त असले, तर दुर्मिळ पक्ष्याच्या अंगावर नेहमीच्या पक्ष्याचा पोत चढण्याची शक्यता उरतेच. त्यात व्हाइट बॅलन्स ‘उबदार’ केला की तपकिरी छटाही गेली. फोटो सुंदर होतो, पण पक्षी कुठला, याचा पुरावा पातळ होतो.

‘एवढं काय मनावर घ्यायचं!’ असं वाटत असेल तर रानपिंगळ्याचा इतिहास ऐका. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने गोळा केले. त्यानंतर या पक्ष्याची एकच नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा नमुना, लेबलवर ‘१९१४, मांडवी, गुजरात’. पक्षी काही कुणाला दिसेना. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरण चित्रं काढली, कातडं भरण्याची पद्धत ताडून पाहिली. निघालं असं, की तो डेव्हिडसनचाच एक नमुना होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला आणि खोटं लेबल लावलेला. १९९९ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झालं.

आजच्या भाषेत सांगायचं तर त्या गृहस्थाने पक्षी ‘एडिट’ केला होता. एका खोट्या लेबलने पक्ष्याचा नकाशा आणि त्याच्या शेवटच्या नोंदीचं साल, दोन्ही चुकवलं. मांडवी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागे गेल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. ११३ वर्षांनी! आणि या वेळी पुरावा म्हणून एकही पक्षी मारावा लागला नाही. फोटो आणि व्हिडिओ पुरले.

म्हणून फोटोची जबाबदारी मोठी. संग्रहालयातल्या कातड्याची जागा आता त्याने घेतली आहे. नंतर नवनव्या ठिकाणांहून नोंदी आल्या. २०१४ मध्ये तर मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, तानसा अभयारण्यात हा पक्षी दिसला. अशा नोंदींच्या जोरावर २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं गेलं. तरीही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे.

पोर्ट्रेटच्या बाजूनेही बोलायला हवं. जोएल सारटोरी यांनी २००६ पासून ‘फोटो आर्क’ प्रकल्पात बंदिस्त प्राण्यांचे फोटो कोऱ्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काढले. उंदीर आणि हत्ती एकाच मापाचे दिसतात, बघणारा डोळ्यांत डोळे घालतो. मला हे काम आवडतं, कारण ते आपण स्टुडिओ आहोत हे लपवत नाही. आपल्याकडे कॅलेंडरवर आणि काळा घोड्याच्या गॅलऱ्यांत दिसणारे बरेच फोटो उलटं करतात. पक्षी रानातला असतो, पण रान काढून टाकलेलं असतं. आडवी आलेली फांदी पुसलेली, मागे हिरवं लोणी. रानपिंगळा संकटात आहे तो ढोली असलेली जुनी झाडं जातात म्हणून. फोटोतून आपण तेच झाड आधी काढतो आणि खाली ‘जंगल वाचवा’ लिहितो.

आणि ती रोखलेली नजर? पिंगळा ताठ उभा राहून डोळे विस्फारून तुमच्याकडे बघतो, तेव्हा बऱ्याचदा तो सावध झालेला असतो. ही पोज मिळवायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला, तर तो आपला इलाखा राखायला पुढे येतो, आणि तेवढा वेळ त्याची शिकार, पिल्लं, सगळं थांबतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं ‘शिकार’ या व्याख्येतच धरलं आहे, हेही लक्षात असू द्या.

मग एडिटिंग करूच नये का? करा की. उजेड सावरा, क्रॉप करा. पण मूळ रॉ फाइल जपा, नोंदीसाठी न सारवलेली प्रत द्या आणि काय पुसलं ते फोटोखाली एका ओळीत लिहा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धा रॉ फाइल मागते; तरीही २०१८ मध्ये एका विजेत्या फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला आणि बक्षीस काढून घ्यावं लागलं. ठिकाणाबाबत मात्र उलटा नियम: घरट्याची जागा जगाला सांगू नका, अभ्यासकांना आणि वनखात्याला नक्की सांगा. ई-बर्डसारख्या साइट संवेदनशील पक्ष्यांचं नेमकं ठिकाण झाकतात, ते याचसाठी. लपवणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं.

पुढच्या वेळी अशा पोर्ट्रेटसमोर उभे राहिलात तर फोटोग्राफरला तीन गोष्टी विचारा: पक्षी कशावर बसला होता, किती लांबून काढला आणि काय काढून टाकलं? चांगला फोटोग्राफर आनंदाने सांगेल. तानसाच्या फोटोबद्दल तर विचारायचा आपल्याला हक्कच आहे. दादर-परळच्या नळांना येणाऱ्या पाण्यात त्या तलावाचाही वाटा आहे, आणि तलावाभोवतीचं रान तेच आहे, जे फोटोत हिरवं लोणी होऊन बसलंय.