नजरेची अदलाबदल : दोन संगीतचित्रफितींतील स्त्रीप्रतिमा

लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकातील निबंधात मांडलेली ‘पुरुषी नजर’ ही संकल्पना मुळात हॉलिवूडच्या कथापटांविषयी होती. कॅमेरा, प्रेक्षक आणि पडद्यावरील पुरुष पात्र या तीन नजरा एकवटून स्त्रीला ‘पाहण्याची वस्तू’ बनवितात, असे त्यांचे प्रतिपादन होते. संगीतचित्रफितीत कथानक बहुधा नावापुरतेच असते. त्यामुळे ही नजर तेथे अधिकच उघडी पडते.

रॉबर्ट पामर यांच्या ‘ॲडिक्टेड टू लव्ह’ (१९८६) या गीताची चित्रफीत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दिग्दर्शक टेरेन्स डोनोव्हन हे मूळचे फॅशन-छायाचित्रकार. सदरा व टाय घातलेला गायक पुढे आणि मागे पाच स्त्रिया : एकसारखे घट्ट काळे पोशाख, चापून बसविलेले केस, फिकट चेहरे, लालभडक ओठ. त्यांच्या हाती वाद्ये आहेत, पण त्या ती वाजवीत नाहीत. प्रत्येकीचे डोलणेही निराळ्या लयीत आहे. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात गिटारसाठी अँडी टेलर आणि ड्रमसाठी टोनी थॉम्प्सन यांचा सहभाग होता. म्हणजे ऐकू येणारे श्रम पुरुषांचे आणि दिसणारे देह स्त्रियांचे. ही फॅशनविश्वाची थट्टा आहे, असा बचाव करता येईल. परंतु ज्यांच्या चेहऱ्यांवर ही थट्टा उभी आहे, त्या स्त्रियांना तीत वाटा नाही. पाच चेहरे इतके सारखे केले आहेत की एकीच्या जागी दुसरी आली तरी काही बिघडू नये.

१९९९ मध्ये शनाया ट्वेन यांच्या ‘मॅन! आय फील लाइक अ वुमन!’ या गीताच्या चित्रफितीत दिग्दर्शक पॉल बॉइड यांनी हीच मांडणी उलटी केली. गायिका पुढे, मागे वाद्ये घेतलेले निर्विकार पुरुष. गीताच्या लेखनातही ट्वेन यांचा वाटा आहे, त्यामुळे येथे स्त्री केवळ दृश्य उरत नाही, हे मान्यच करावे लागते. ती थेट कॅमेऱ्याकडे पाहते, खेळ तिच्या हाती आहे. तथापि एक तपशील अडतो. उंच टोपी, जाळीचा पडदा, लांब कोट अशा वेशात आलेली गायिका एकेक वस्त्र उतरवीत अखेर कॉर्सेट व आखूड स्कर्टवर येते. पामर मात्र सदरा-टायमध्ये येतात आणि सदरा-टायमध्येच गाणे संपवितात. पुरुष मागे उभे केले म्हणून कॅमेरा त्यांच्याकडे वळला नाही. तो पुन्हा स्त्रीदेहावरच स्थिरावला. अदलाबदल जागांची झाली, नजरेची नव्हे.

शिवाय दुसऱ्या चित्रफितीतील विनोद उमगण्यासाठी प्रेक्षकाला पहिली आठवावी लागते. पहिली पाहताना मात्र कोणाला काहीच आठवावे लागले नव्हते. शोभेसाठी उभ्या केलेल्या स्त्रिया त्याच्या सवयीच्याच होत्या.