कारंजं नाचणार, प्यायचा नळ कुठाय?

आमच्या वस्तीच्या मैदानाचा नवा आराखडा समाजमंदिराच्या भिंतीवर डकवलाय. रंगीत, गुळगुळीत. मधोमध चौक, चौकात गाण्यावर नाचणारं कारंजं, कडेनं फायबरची हरणं आणि कोपऱ्यात सिमेंटचा भलामोठा चरखा. गिरणी कामगारांची वस्ती, म्हणून चरखा! मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आठ आठ तास उभा असतो. चरख्यावर पोट भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हा चरखा कुणाच्या डोक्यातून आला, ते तुम्हांला सांगायला नको.

कविता लिहिणाऱ्यानं यात कशाला पडावं, असं काही दोस्त म्हणतात. अरे, कवितेचं पुस्तक शंभर माणसं वाचतात. चौक सगळी वस्ती वाचते, रोज वाचते, अंगठा उठवणारी म्हातारीसुद्धा. मग त्याची समीक्षा जास्त कडक नको?

आज मैदानात काय आहे? वर्गणीतून बांधलेला कट्टा, निळा झेंडा, बाबासाहेबांचा अर्धपुतळा. नाक जरा बसकं झालंय, मान्य. आराखड्यात तो कोपरा नुसता हिरवा रंगवलाय. पुतळा म्हणे ‘योग्य ठिकाणी’ हलवणार. योग्य म्हणजे कुठं, ते कागदावर नाही.

इचलकरंजीहून कोल्हापूर जवळच. तिथल्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला बाबासाहेबांचा आणि जोतीराव फुल्यांचा पुतळा बसला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढाकार भाई माधवराव बागलांचा, शिल्पकार बाळ चव्हाण. शेजारून गाड्या जातात, चौकात सभा होतात, पुतळे माणसांत असतात. उलट दादरच्या इंदू मिलमधल्या स्मारकाचा आराखडा बघा. १०० फुटांचा चौथरा, त्यावर ३५० फुटांचा पुतळा. त्या जमिनीसाठी ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते गिरणीत घुसले, त्या लढ्याला सलामच. पण खाली उभ्या माणसाला चेहरा कसा दिसणार, असं विचारलं की आपलीच माणसं डोळे वटारतात.

आणि जाळी. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. जाब विचारायला उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला, १० माणसं मेली. तेव्हा जाळी का मागतात ते मला कळतं. तमिळनाडूत तर कित्येक पुतळे लोखंडी पिंजऱ्यात आहेत. आमच्या मंडळानंही पिंजरा मागितलाय. कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार, एवढंच मी विचारलं, तर बैठकीत एकटा पडलो.

माझं म्हणणं साधं आहे. कारंज्याचा पैसा पाणपोईला लावा. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि तो हक्क हायकोर्टात पक्का व्हायला १९३७ साल उजाडलं. हा ज्यांचा इतिहास, त्यांच्या चौकात पाणी नुसतं बघायचं? काळ्या दगडाची पाणपोई करा. एक तोटी खाली ठेवा, लहान पोराचा हात पोचला पाहिजे. दगडावर ही सालं कोरा, बाकी नक्षी नको. पुतळा आहे तिथंच राहू दे, नाक नीट करायला चांगला कारागीर आणा. कट्टा जलशाला पुरेल एवढा वाढवा. आणि पेटी-ढोलकीवाल्यांच्या पाठीशी भिंत पाहिजेच. आता आवाज सगळा वाऱ्यावर जातो, मागच्या बायांना शब्द कळत नाहीत. हे कुठल्याही सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात नसेल, पण गाणारा कुणीही सांगेल.

आर्किटेक्ट हसून म्हणाला, “नळ ही कलाकृती कशी होईल?”

मागून एक आक्का ओरडली, “मग ती हरणं पाणी कुठं पिणार रं बाबा?”

हरकती द्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे. माझी तिसरी पाळी चालू आहे, म्हणून अर्ज लिहून समाजमंदिरात ठेवलाय. सह्या करून जा.