हक्काचा कायदा आणि खिडकीबाहेरचा माणूस

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता तपासली, आत्मकथने तपासली, नाटकाचा नायक कोणत्या वर्गातून येतो हेही विचारले. पण ज्या संहितेवर आपल्या माणसाचे रोजचे जगणे टांगलेले असते ती कायद्याची संहिता मात्र आपण वकिलांकडे सोपवून मोकळे होतो. मराठी शिकवणाऱ्या बाईने कायदा वाचू नये असे कोठे लिहिलेले नाही. ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ मी नरडाण्याच्या फलाटावर भुसावळकडच्या गाडीची वाट पाहत दोनदा वाचला. पहिल्या वाचनात मला तो आवडला, हे आधी कबूल केले पाहिजे. दाखला ही साहेबाची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे, त्याला मुदत आहे, मुदत मोडली तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे, हे राज्याच्या विधिमंडळाने लिहून दिले. आमच्या बापजाद्यांनी चावडीपुढे जोडे काढून उभे राहून जे मागितले ते आता मागण्याची नव्हे, वसूल करण्याची गोष्ट झाली, असे वाटले.

दुसऱ्या वाचनात दोन शब्द टोचू लागले. पहिला शब्द ‘पात्र व्यक्ती’. हक्क आहे तो पात्र व्यक्तीला. कायद्याच्या भाषेत हा साधा पारिभाषिक शब्द असेल, पण ज्या समाजाला शतकानुशतके अपात्र ठरवण्यात आले त्याच्या कानाला तो साधा लागत नाही. दुसरा शब्द ‘परिपूर्ण’. मुदतीचे घड्याळ सुरू होते ते परिपूर्ण अर्ज अधिकाऱ्याच्या हाती पडल्यावर. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस. पण तो अर्ज परिपूर्ण आहे असे कोणी म्हणेपर्यंतचे दिवस कोणत्या वहीत धरायचे? सगळी अडवणूक त्याच दिवसांत होते. सेतू केंद्रात ‘सर्व्हर नाही’, तलाठ्याकडे ‘साहेब मीटिंगला’, मग ‘हा कागद जोडा’, मग ‘तो झेरॉक्स अस्पष्ट आहे’. नाकारलेल्या अर्जावर अपील होते. न घेतलेल्या अर्जावर अपील करायला हातात पोच तरी कोठे असते?

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. नोकरीसाठी मला जातीचे प्रमाणपत्र व त्याची वैधता लागली. जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे, असे जात पडताळणीचा कायदाच सांगतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. सर्वांत भक्कम पुरावा कोणता, तर आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. माझ्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली पिढी माझी. ज्या जातीमुळे आजोबा शाळेत गेले नाहीत ती जात सिद्ध करायला त्यांच्या शाळेचा दाखला हवा! मी हे खिडकीवरच्या कारकुनाला सांगितले तेव्हा तो हसला. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या यादीत या विसंगतीसाठी रकाना नव्हता. शेवटी गाव नमुना १४ मध्ये, कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, आजोबांचे नाव सापडले. आज आमच्यासाठी कोणीही उघडपणे उच्चारू नये अशा शब्दात आमची जात त्यापुढे लिहिलेली होती. त्या शब्दाने मला नोकरी मिळवून दिली. त्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या किती झिजवल्या हे मी मोजले नाही, माय मात्र दर वेळी दारातच विचारी, “भेटना का वं कागद?” आणि मी म्हणे, “साहेब उना नही.”

कायद्यातली अपिलाची रचना पाहा. पहिले अपील वरच्या अधिकाऱ्याकडे, दुसरे त्याहून वरच्याकडे, आणि तिसरे आयोगाकडे. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या त्याच जिन्याच्या आहेत. रोजगार बुडवून शिंदखेड्याला गेलेला शेतमजूर तिसऱ्या पायरीपर्यंत पोचेल ही कल्पना करणाऱ्याने त्याची मजुरी कधी मोजलेली नाही. आग्रा रस्त्याने शिरपूर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो. असा कायदा देशात प्रथम त्या राज्याने २०१० साली केला, आणि तेथे दंडाची रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. आपल्या संहितेत ती तरतूद मला सापडत नाही. येथे दंड झाला तरी बुडालेला रोज बुडालेलाच.

मग या कायद्यावर नजर कोणी ठेवायची? ज्याने केला त्या विधिमंडळाने. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संसदीय पद्धतीची निवड का केली याचे उत्तर दिले होते. सरकारच्या जबाबदारीचे मोजमाप दोन तऱ्हांनी होते. मतदार ते ठरावीक काळाने करतात. सभागृहातले सभासद प्रश्न, ठराव, चर्चा यांच्याद्वारे रोज करतात. रोजचे मोजमाप अधिक परिणामकारक, आणि या देशात त्याचीच गरज आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद केवळ पुस्तकी नव्हता. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. ठराव कागदावर राहिला. १९२६ साली बोले यांना पुन्हा उभे राहून, जी मंडळे तो अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान रोखा, असा दुसरा ठराव आणावा लागला. तरीही १९२७ साली महाडच्या तळ्यावर माणसांनाच जावे लागले. ठराव होणे आणि पाणी मिळणे यांतले अंतर बाबासाहेबांना पायांनी चालून माहीत होते.

त्या रोजच्या मोजमापासाठीच समित्या असतात: लोकलेखा, अंदाज, पंचायती राज, आश्वासन, अनुसूचित जाती कल्याण. सभागृहात जे विचारायला वेळ नसतो ते समितीने जिल्ह्यात येऊन विचारावे. प्रत्यक्षात समिती येते म्हणजे काय होते हे धुळे जिल्ह्याने मे २०२५ मध्ये पाहिले. अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी धुळ्याच्या ‘गुलमोहर’ या शासकीय विश्रामगृहाच्या १०२ क्रमांकाच्या खोलीसमोर माजी आमदार अनिल गोटे ठाण मांडून बसले. खोली उघडली तेव्हा आत एक कोटी चौऱ्याऐंशी लाखांहून अधिक रोकड निघाली. समितीच्या अध्यक्षांनी आरोप फेटाळले, त्यांचा स्वीय सहायक निलंबित झाला, विशेष तपास पथकाची घोषणा झाली. पैसा कोणाचा हे ठरवणे तपासाचे काम आहे आणि मी येथे कोणाला दोषी ठरवीत नाही. मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी. दुसऱ्या दिवशी नरडाण्याच्या बसथांब्यावर या बातमीने कोणीही दचकला नाही. रक्कम ऐकून लोकांनी भुवया उंचावल्या, एवढेच. रोजच्या मोजमापाचे यंत्र लोकांच्या लेखी असे झाले असेल तर बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा अर्धा आधार गेला. शिवाय लोकांनी समिती पाहिली ती बंद दारामागे. खिडकीबाहेरच्या माणसाला तिने साक्षीला बोलावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. साक्ष असते खात्याची, खात्याविषयी.

त्याच महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? माझ्या वस्तीतल्या बायांनाही ते मिळतात. प्रश्न असा की वसतिगृहाच्या व शिष्यवृत्तीच्या खात्यातून ते का यावेत? ज्या बाईच्या हाती पैसे पडतात तिच्याच मुलीची शिष्यवृत्ती उशिरा येते, आणि या दोन गोष्टी एकत्र मांडणारी चर्चा कानावर पडत नाही. मंत्र्याने नाराज व्हावे, पण नाराजी हा जाब नव्हे. जाब सभागृहाने विचारायचा असतो.

आता सगळे संगणकावर आले, कारकून गेला, अडवणूक गेली, असे आमचे काही शिकलेले मित्र सांगतात. हे खरे की मोबाइलवर अर्जाची स्थिती दिसते. पण विखरण याच आमच्या शिंदखेडा तालुक्यातले. तेथील धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या अपुऱ्या मोबदल्यासाठी २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतले आणि सहा दिवसांनी ते गेले. फेरमूल्यांकन मृत्यूनंतर झाले. पुढच्याच महिन्यात मंत्रालयात आणखी एक जण वरून उडी घेऊन मेला, तेव्हा आत जाळी बांधण्यात आली. तक्रारीची नोंद घेण्याची ही एक पद्धत झाली.

आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. किती अर्ज आले, किती निकाली निघाले, याचे आकडे त्यात भरघोस असतात. न घेतलेल्या अर्जांचा आकडा कोणत्याही अहवालात असू शकत नाही, कारण त्याला क्रमांकच नसतो. तो हवा असेल तर अनुसूचित जाती कल्याण समितीने विश्रामगृह सोडून तहसील कचेरीच्या ओट्यावर एक दिवस बसावे, बाजाराच्या दिवशी, दवंडी देऊन. शिंदखेड्याला बसली तर माझ्या वर्गातल्या निदान सहा मुली साक्षीला येतील. त्यांच्याजवळ पोच नाही. कोणत्या तारखेला कोणत्या खिडकीवर काय उत्तर मिळाले ते मात्र त्यांना पाठ आहे.